निरोगी माणसांचे डॉक्टर

इंग्लंडमध्ये बाईने पन्नाशी गाठली की पुढच्या तीन वर्षांत कधीतरी तिच्या घरी सरकारी आरोग्यसेवेचे पत्र येते. अमुक दिवशी, अमुक वाजता स्तनांच्या मॅमोग्राफीसाठी या, असे त्यात लिहिलेले असते. बाईला काहीही झालेले नसते. गाठ हाताला लागलेली नसते, दुखत नसते, ती कोणाकडे तक्रार घेऊन गेलेलीही नसते. तरी बोलावणे येते, आणि ते सत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी येत राहते.

वैद्यकीय व्यवसायात ही जरा वेगळीच गोष्ट आहे. आजारी माणूस दवाखान्यात येतो तेव्हा तो मदत मागायला आलेला असतो. डॉक्टर आपल्या परीने जे जमेल ते करतो. वैद्यकशास्त्रातल्या उणिवांना तो जबाबदार नसतो. पण धडधाकट माणसाला डॉक्टरनेच आपणहून बोलावले, तर हिशेब बदलतो. या तपासणीमुळे बोलावलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे भले होईल, याचा भक्कम पुरावा त्याच्या हातात आधीच असायला हवा. आर्ची कॉक्रेन आणि वॉल्टर हॉलंड या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी हा मुद्दा १९७१ मध्ये मांडला होता. तो देशाच्या पातळीवर राबवून दाखवण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांत सर म्युअर ग्रे हे नाव वरचे आहे.

ग्रे यांचा जन्म १९४४ चा, ग्लासगोचा. शिक्षण आणि वैद्यकीय पदवीही तिथलीच. १९७२ मध्ये ते ऑक्सफर्ड शहराच्या आरोग्य खात्यात दाखल झाले. त्या काळात सार्वजनिक आरोग्य हा काही हुशार पोरांचा पहिला पसंतीक्रम नव्हता, आणि आपल्याकडे तो आजही नाही. सर्जन, फिजिशियन यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी आणि महापालिकेच्या आरोग्य खात्यातल्या डॉक्टरकडे बघण्याची वेगळी. सुरुवातीची वर्षे ग्रे यांनी धूम्रपान सोडवणे आणि म्हाताऱ्या माणसांचे आरोग्य या दोन कामांत घालवली. वयाबरोबर येणारी दुर्बलता आणि आजारामुळे येणारी दुर्बलता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तेव्हापासून सांगितले.

स्क्रीनिंगकडे ते वळले ऐंशीच्या दशकात. स्क्रीनिंग म्हणजे चाळण. लक्षणे नसलेल्या असंख्य माणसांतून, पुढे आजार होण्याची शक्यता जास्त असलेली थोडी माणसे वेगळी काढायची. चाळणीतून निघणारे उत्तर 'आजार आहे' असे नसते, 'आणखी तपासून पाहू' एवढेच असते. हा फरक शिकलेल्या लोकांच्याही लक्षात राहत नाही, आणि पुढचा बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ब्रिटनमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी स्मीअर तपासणी साठच्या दशकाच्या मध्यापासून होत होती. वीस वर्षे लाखो स्मीअर घेतले गेले आणि तरी मृत्यूंचा आकडा म्हणावा तसा खाली येईना. कारण साधे होते. कुटुंबनियोजनासाठी किंवा बाळंतपणासाठी येणाऱ्या तरुण बायकांचे स्मीअर पुन्हा पुन्हा होत होते. ज्यांना धोका जास्त, त्या थोराड वयाच्या, गरीब घरच्या बायका यादीतच नव्हत्या. कोणाचा अहवाल खराब आला तर तो तिच्यापर्यंत पोहोचला की नाही, हे बघण्याची जबाबदारी नक्की कोणाची, हेही ठरलेले नव्हते. चाचणी होती, कार्यक्रम नव्हता.

१९८८ मध्ये संगणकावर आधारित बोलावण्याची पद्धत देशभर लागू झाली. फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींमधून ठरावीक वयाच्या प्रत्येक बाईचे नाव काढायचे, तिला पत्र पाठवायचे, आली नाही तर पुन्हा पाठवायचे, अहवालात खोट निघाली तर ती पुढच्या तपासणीला पोहोचेपर्यंत पाठपुरावा करायचा. १९९० मध्ये फॅमिली डॉक्टरांचा मोबदलाही या कामाशी जोडला गेला. आपल्या यादीतल्या पात्र बायकांपैकी ८० टक्के पूर्ण केल्या तर अमुक रक्कम, ५० टक्के केल्या तर त्याहून कमी. परिणाम लगेच दिसला. १९८८ मध्ये सुमारे ४२ टक्के असलेली व्याप्ती १९९४ पर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास गेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत या कर्करोगाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. स्मीअर घेण्याची रीत तीच होती, सूक्ष्मदर्शकही तेच. बदलली ती यादी, टपाल आणि जबाबदारी. या कार्यक्रमाच्या समन्वयाची घडी ऑक्सफर्डमधून बसवणाऱ्यांत ग्रे होते.

त्याच वर्षी स्तनांच्या कर्करोगाचे स्क्रीनिंगही सुरू झाले. सर पॅट्रिक फॉरेस्ट यांच्या समितीने १९८६ मध्ये तशी शिफारस केली होती. इथे सुरुवातीपासून गुणवत्तेची चौकट आखून घेतली गेली. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरने वर्षाला किमान ५,००० स्त्रियांचे मॅमोग्राम वाचलेच पाहिजेत, असा दंडक आला, कारण कधीमधी वाचणाऱ्याची नजर तयार होत नाही. किती बायकांना पुन्हा बोलावले, किती जणींत कर्करोग निघाला, दोन फेऱ्यांच्या मध्ये किती जणींना गाठ आली, हे सगळे मोजायचे आणि केंद्राकेंद्रांची तुलना करायची. आपले आकडे शेजारच्या केंद्राशेजारी मांडलेले कोणत्याही डॉक्टरला आवडत नाहीत. ग्रे आणि नंतर या कार्यक्रमांची धुरा सांभाळणाऱ्या ज्युलिएटा पॅटनिक यांच्या कामाचा मोठा भाग हे न आवडणारे काम करून घेण्याचाच होता.

ते किती गरजेचे होते हे नव्वदच्या दशकात केंट परगण्यात दिसले. तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत स्मीअर वाचताना वर्षानुवर्षे चुका होत राहिल्या होत्या. १९९० ते १९९५ या काळातले नव्वद हजारांहून अधिक स्मीअर पुन्हा वाचावे लागले. काही बायकांचा कर्करोग वेळीच सापडायला हवा होता, तो सापडला नव्हता. त्यांना 'सर्व ठीक' असे कळवलेले होते, आणि त्या निर्धास्त राहिल्या होत्या. स्क्रीनिंग ढिसाळ झाले तर ते बिनकामाचे ठरते एवढेच नाही, ते घातक ठरते.

१९९६ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय स्क्रीनिंग समिती स्थापन झाली आणि तिचे काम चालवण्याची जबाबदारी ग्रे यांच्याकडे आली. समितीच्या कामाची कल्पना अशी की, कोणत्याही आजाराचे स्क्रीनिंग देशात सुरू करायचे का, हा निर्णय पुढाऱ्याच्या घोषणेवर, यंत्र विकणाऱ्या कंपनीवर किंवा एखाद्या नामांकित प्राध्यापकाच्या उत्साहावर सोडायचा नाही. विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये दहा तत्त्वे लिहून ठेवली होती. आजार महत्त्वाचा हवा, त्याची लक्षणांपूर्वीची अवस्था ओळखता यायला हवी, उपचार उपलब्ध हवा, वगैरे. समितीने त्यांत भर घातली. स्क्रीनिंगमुळे मृत्यू किंवा आजार खरोखर घटतो, हे मोठ्या आणि नीट आखलेल्या चाचण्यांतून सिद्ध झालेले हवे. फायदा हा शरीराला आणि मनाला होणाऱ्या हानीपेक्षा मोठा हवा. आणि बोलावलेल्या माणसाला नाही म्हणता येईल इतकी माहिती आधी मिळायला हवी.

या कसोट्यांवर बहुतेक प्रस्ताव नापास झाले, आणि ते योग्यच होते. अर्भकांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. जपानने १९८५ मध्ये सहा महिन्यांच्या बाळांच्या लघवीची तपासणी देशभर सुरू केली. कर्करोग सापडू लागले, लवकर सापडू लागले, बाळे बरी होऊ लागली. याहून चांगले काय असणार? पण मोठ्या मुलांचे मृत्यू काही कमी होईनात. २००२ मध्ये जर्मनी आणि कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचे अभ्यास प्रसिद्ध झाले, तेव्हा उलगडा झाला. तपासणीत सापडणाऱ्या गाठींपैकी पुष्कळ गाठी तशाही आपोआप विरून जाणाऱ्या होत्या. खऱ्या घातक गाठी नंतर येत होत्या आणि चाळणीला चुकवत होत्या. म्हणजे ज्या बाळांना काहीच झाले नसते, त्यांच्यावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती. जपानने २००४ पर्यंत तो कार्यक्रम बंद केला.

याला अतिनिदान म्हणतात. चुकीचे निदान वेगळे. अतिनिदानात प्रयोगशाळा बरोबर असते, कर्करोगही खरा असतो. फक्त तो त्या माणसाला जन्मभर त्रास देणार नसतो. दक्षिण कोरियात आरोग्य तपासणीत गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, आणि २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यू होते तेवढेच राहिले.

ग्रे आणि ब्रिस्टलच्या सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ अँजेला रॅफल यांनी २००७ मध्ये स्क्रीनिंगवर एक पाठ्यपुस्तक लिहिले. त्यात त्यांनी लोकप्रियतेचा एक उफराटा न्याय दाखवून दिला. एखाद्या तपासणीत अतिनिदान जितके जास्त, तितकी ती तपासणी लोकप्रिय. कारण ज्या माणसावर विनाकारण उपचार झाले, तो स्वतःला वाचलेला समजतो. तो सगळ्यांना सांगतो, वेळीच तपासून घेतले म्हणून जगलो. त्याला कोणी खोटे पाडू शकत नाही, आणि खुद्द त्याला किंवा त्याच्या डॉक्टरलाही खरे काय ते कधीच कळत नाही. ते कळते फक्त हजारो माणसांचे आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर. शिवाय लवकर निदान झाले की निदानानंतर जगलेली वर्षे आपोआपच वाढतात. मृत्यू त्याच तारखेला यायचा असला, आणि आजाराची बातमी पाच वर्षे आधी कळली, तरी कागदावर पाच वर्षांचे आयुष्य वाढलेले दिसते. जाहिरातींमधले आकडे बहुतेक वेळा हेच असतात.

रॅफल यांनीच २००३ मध्ये गर्भाशयमुखाच्या स्क्रीनिंगचा एक हिशेब मांडला होता. तो कार्यक्रम जगातल्या यशस्वी कार्यक्रमांपैकी एक, म्हणून तो अधिक बोलका आहे. एक मृत्यू टाळण्यासाठी हजार बायकांना ३५ वर्षे तपासत राहावे लागते. वर्षाला २०० स्मीअर घेणाऱ्या नर्सच्या हातून ३८ वर्षांत एक मृत्यू टळतो. त्या ३८ वर्षांत तिच्याकडच्या दीडशेहून अधिक बायकांचे अहवाल सदोष येतात, त्यांतल्या ऐंशीच्या जवळपास पुढच्या तपासणीला जातात, पन्नासहून अधिक जणींच्या बायोप्सीत काहीतरी निघते. यांपैकी प्रत्येक बाई काही दिवस, काही आठवडे रात्री जागी राहिलेली असते.

म्हणून २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे लिहिले, त्याचा आशय आता या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. प्रत्येक स्क्रीनिंग कार्यक्रमाने काही ना काही हानी होतेच. काहींनी फायदाही होतो. आणि त्यांतल्या काहींत, परवडणाऱ्या खर्चात, फायदा हानीपेक्षा जास्त असतो. हे विधान स्क्रीनिंगच्या एखाद्या विरोधकाचे नाही. ज्याने आपली उमेदीची वर्षे हे कार्यक्रम उभारण्यात घालवली, त्याचे आहे.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीच्या पीएसए चाचणीबाबत समितीवर दडपण मोठे होते. समितीने सरसकट बोलावणे पाठवायला नकार दिला. पण चाचणीवर बंदीही घातली नाही. २००२ पासून असे ठरले की, पन्नाशीपुढच्या ज्या पुरुषाला ती हवी असेल त्याला फायदे-तोटे समजावून सांगायचे, आणि मग हवी असल्यास मोफत करून द्यायची. लघवीवर ताबा न राहणे, लैंगिक दुर्बलता असे उपचाराचे परिणाम ज्याला भोगायचे, निर्णयही त्यानेच घ्यावा.

ग्रे यांची कारकीर्द नुसत्या नकारांची मात्र नव्हती. त्यांना २००५ मध्ये 'सर' हा किताब मिळाला तो गर्भवती, गर्भ आणि बालकांच्या तपासणी कार्यक्रमांसाठी आणि आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी. जन्मतः बहिऱ्या बाळांचेच बघा. पूर्वी सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या मागे आवाज करून ते मान वळवते का, हे आरोग्यसेविका बघत असे. हुशार बाळ सावली पाहूनही वळायचे, आणि बहिरेपण लक्षात यायला दीड-दोन वर्षे उलटायची. तोवर बोलणे शिकण्याचा काळ हातचा गेलेला. त्या जागी जन्मल्यानंतर काही दिवसांतच, झोपलेल्या बाळाच्या कानात छोटे यंत्र लावून करायची तपासणी आली आणि २००६ पर्यंत ती संपूर्ण इंग्लंडमध्ये पोहोचली. सिकल सेल आणि थॅलेसेमियाची तपासणीही याच काळात सार्वत्रिक झाली. आफ्रिकी, भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांसाठी ती मोलाची होती. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शौचाचा नमुना घरीच घेऊन टपालाने पाठवायची पद्धत आधी काही भागांत करून पाहिली आणि मग २००६ पासून इंग्लंडमध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. कॉव्हेंट्रीच्या परिसरातल्या त्या प्राथमिक प्रयोगात दक्षिण आशियाई कुटुंबांकडून प्रतिसाद कमी आला, हेही तेव्हाच नोंदले गेले. आधी छोट्या प्रमाणावर करून बघण्याचा फायदा हाच.

कार्यक्रम सुरू झाला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. मॅमोग्राफीच्या पत्राबरोबर जाणाऱ्या माहितीपत्रकात फायदेच सांगितले जातात, अशी टीका अनेक वर्षे होत होती, आणि तिच्यात तथ्य होते. २०१२ मध्ये सर मायकेल मारमॉट यांच्या समितीने सगळा पुरावा पुन्हा तपासला. ब्रिटनमध्ये या कार्यक्रमाने वर्षाला सुमारे १,३०० मृत्यू टळतात, आणि सुमारे ४,००० बायकांचे अतिनिदान होते, असा त्यांचा अंदाज. एक जीव वाचतो तेव्हा तीन बायकांवर गरज नसलेला उपचार होतो. नव्या माहितीपत्रकात हे स्पष्ट छापले गेले. पत्र मिळालेल्या बाईने ते वाचून जायचे की नाही हे ठरवावे. दोन्ही उत्तरे शहाणपणाची असू शकतात.

ग्रे पुढे आरोग्यसेवेचे मुख्य ज्ञान अधिकारी झाले. हे पद ऐकायला गमतीचे वाटते. एकोणिसाव्या शतकात स्वच्छ पाण्याने जे साधले, ते या शतकात स्वच्छ माहितीने साधेल, ही त्यांची आवडती मांडणी. नळाला येणारे पाणी कोणी तपासायचे हे ठरलेले असते, तसे डॉक्टर आणि रुग्णांपर्यंत येणाऱ्या माहितीचेही असावे. सत्तरी गाठल्यावर त्यांनी सत्तरीतल्या लोकांसाठी पुस्तक लिहिले, ते चालायला आणि हालचाल करायला लावणारे. म्हणजे पुन्हा ऑक्सफर्डमधल्या पहिल्या कामाकडेच.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध काय, असे कोणाला वाटेल. संबंध जवळचा आहे. इंग्लंडमधली स्मीअरची यंत्रणा आपल्याला परवडणारी नाही, हे ओळखून वेगळ्या पद्धतींचा पुरावा गोळा करण्याचे मोठे काम इथेच झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातले व्हिनेगरच, लावून पांढरा डाग उठतो का हे बघत. बारा वर्षांनंतर या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख तीस हजारांहून अधिक बायकांवर दुसरा अभ्यास झाला. तिथे एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभरच्या धोरणांवर परिणाम केला.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी, दर पाच वर्षांनी. आशाताई घरोघरी जाऊन तपासणी यादीचा फॉर्म भरतात. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्केच निघाल्या. स्तनांची ०.९ टक्के.

दुसऱ्या टोकाला शहरात 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजे आहेत. वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला, सवलतीत. त्यांत पीएसए असते, थायरॉइडची सोनोग्राफी असते, अंडाशयाच्या कर्करोगासाठी म्हणून सीए-१२५ असते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा शेवटचा अहवाल २०२१ मध्ये आला. सीए-१२५ आणि सोनोग्राफीने अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होत नाहीत, असे त्यात दिसले. पॅकेजमधून ती चाचणी गेलेली नाही. अहवालातला लाल अक्षरांतला आकडा घेऊन माणूस सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभा राहतो, तेव्हा पॅकेज विकणारा तिथे नसतो.

धाराशिवच्या अभ्यासात ज्या बाईची चाचणी सदोष आली, तिच्यासाठी दुर्बिणीने तपासणी, बायोप्सी आणि उपचार यांची सोय बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने लावलेली होती. सदोष अहवाल आलेल्या बाईला पुढे न्यायचे कुठे, हे तिथे पहिला नमुना घेण्याआधी ठरलेले होते.